उंदीर काढ

डिलाईल रोडच्या खोलीत बाबुरावांचा जुना कॉम्प्युटर तीस वर्षं ठाण मांडून होता. बाबुरावांना जाऊन रविवारी वर्ष होत होतं, आणि त्या दिवशी बुद्धविहारात त्यांनीच लिहिलेली गाणी म्हणायची असा लेकीने, वैशालीने, हट्ट धरला होता. पंचाईत एवढीच, की सगळी गाणी त्या मशीनच्या पोटात. लॅपटॉपवर नेली तर अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा.

मशीन सुरू व्हायचं, पण गाणी उघडायला गेलं की म्हणायचं, मेमरी कमी. त्या काळी जागा जेमतेम सहाशे चाळीस केबी, आजच्या मोबाईलमधल्या एका फोटोलाही न पुरणारी! तिच्यातच माउस, आवाज, मराठी अक्षरं, सगळी बिऱ्हाडं. कोणाला बाहेर काढलं की किती जागा सुटते, याची वैशालीला आता गंमतच वाटू लागली.

मशीन सुरू होताना वाचतं त्या फाईलमध्ये एकेका बिऱ्हाडाची, म्हणजे ड्रायव्हरची, एकेक ओळ होती. त्यातल्या एकीपुढे REM लिहून बाबांनी ती बंद केली होती. वैशालीने REM पुसला. वीस केबी सुटले, गाणं उघडलं आणि पहिल्याच कडव्यावर मशीन थिजलं. तीनदा तेच. ती ओळ दुसऱ्याच्या ताब्यातली जागा बळकावून देत होती, हे तिला कुठून ठाऊक!

"आणि हे कसले ड्रायव्हर?" त्या ओळीच्या आणि माउसच्या ओळीच्या वर बाबांनी REM लावून लिहिलेलं वाचत ती पुटपुटली. "हॅव नॅको. अंडर कध."

भाजी निवडणाऱ्या रमाबाईंचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"REM HAV NAKO. इंग्लिश आहे गं आई."

"कसलं इंग्लिश! हाव नको म्हणतायत ते. जेवताना रोज म्हणायचे."

वैशालीने ती ओळ पुन्हा वाचली. म्हणजे REM पुढचं मशीन वाचतच नाही, म्हणून तिथे माणसांसाठीही लिहिता येतं! मग UNDIR KADH?

"उंदीर काढ!" ती ओरडली. "माउस!"

तिने पुसलेला REM परत लावला आणि दुसरा माउसच्या ओळीपुढे. सुटले दहाच केबी, पण गाणी उघडली आणि शेवटच्या कडव्यापर्यंत मशीन अडलं नाही. तिने मोबाईलवर भराभर फोटो काढले.

रमाबाई पदराला हात पुसत जवळ आल्या. "अजून काय म्हणतायत गं?"

फाईलच्या तळाशी एक ओळ उरली होती. REM JEVLIS KA. या वेळी वैशालीने ती सरळ मराठीत वाचली, आणि तिला रडूच फुटलं. दुपारचे चार वाजले होते.

रमाबाई स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "नाही हो, जेवली नाही अजून."