भिजत पडलेलं घोंगडं

म्हाळसाबाईच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. लेकीची, बानूची सोयरीक तामलवाडीच्या रामलिंग धनगराच्या पोराशी ठरून तीन महिने झाले, आणि लग्नाच्या तिथीचा पत्ता नाही. उभं वाशी गाव विचारून विचारून जीव खात होतं. नवरा बिरू मेंढरांमागं जाणारा, मेंढरांइतकाच बोलका. त्याला विचारावं तर म्हणे, येतील की. कधी येतील? पोरीचे केस पिकल्यावर?

शेवटी तिनं सोमलिंग वाण्याला गाठलं. तो गाडी जुंपून सोलापूरच्या बाजाराला निघाला होता, आणि निजामाची हद्द संपायच्या आधी, जकातीच्या करोडगिरी नाक्याच्या वाटेवरच तामलवाडी लागते. लग्न कधी धरायचं तेवढं विचारून या, असं तिनं त्याला तीनतीनदा बजावलं.

आठ दिवसांनी सोमलिंग परतला आणि गाडीवरून उतरायच्या आधीच निरोप टाकून मोकळा झाला.

"रामलिंग म्हनला, घोंगडं भिजत पडलंय म्हनून सांगा."

झालं! आता यात कळायचं काय राहिलं? तहसील कचेरीतला दावा लोंबकळला की भिजत घोंगडं, भावांची वाटणी अडली की भिजत घोंगडं. वाशीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल. यांना पोरगी नको आणि तसं म्हणायला जीभ रेटत नाही! बिरू म्हणाला, मी एकदा जाऊन बघून येतो. पण ती ऐकते कसली.

"गप बसा तुमी. त्यांचं घोंगडं वाळंपतुर पोरीला घरात ठिवू व्हय?"

दुसऱ्याच दिवशी तिनं बब्रुवानला सांगावा धाडला. दोन लेकरांचा बाप, बायको मागच्या साली वारलेली, बरेच दिवस बानूसाठी गळ टाकून बसलेला. चार माणसं बसवून सुपारी फोडली. बानू नको म्हणाली नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी रामलिंग दारात हजर. खांद्यावर नवंकोरं काळंभोर घोंगडं. ओसरीवर टेकला, तांब्याभर पाणी प्याला आणि हौसेनं घोंगड्यावरून हात फिरवत बोलला.

"नवरानवरीला बसायला घरीच इनलं. वीण घट्ट बसाया भिजवलं, तुडवलं, वाळलं तसा निघालो. पंचमीची तिथी काढलीया."

सुपारी फुटल्याचं बिरूनंच खालमानेनं सांगितलं. म्हाळसाबाई मात्र तणतणत सोमलिंगच्या दुकानात शिरली आणि त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. त्यानं तागडी खाली ठेवली.

"म्या मला सांगितलं तेच सांगितलं. वाण्याला काय ठावं, घोंगडं खरंच भिजतंय का नुसतं बोलन्यात? धनगराची लेक तुमी हाय, बाई."

ती घरी आली तेव्हा रामलिंग उठला होता. दिलेला शब्द चार माणसांतला, तो आता कुणाच्या बापाला फिरवता येणार नव्हता. भाकरीला थांबा म्हणायचं तिला धाडस झालं नाही. घोंगडं तसंच खांद्यावर टाकून तो निघून गेला.

मग उंबऱ्याशी उभी असलेली बानू पहिल्यांदा बोलली.

"माय, घोंगडं भिजत कशापायी घालत्यात, ते तूच मला शिकिवलं व्हतंस."

म्हाळसाबाईला आता कुणावर चिडावं तेच सुचेना.