चुंबकाखालचा हात

"लोखंड रक्तात सोडणार म्हणता, मग ते बाहेर कसं काढणार?" शिंपिणीने डॉक्टरीणबाईंना सरळच विचारलं.

तिच्या उजव्या दंडात गाठ होती. नेहमीचं औषध तिला सोसलं नाही, तेव्हा हात काढायची भाषा सुरू झाली. आता हा नवा उपाय निघाला होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या लोहकणांवर औषध चढवायचं, शिरेतून सोडायचं आणि दंडावर चुंबक धरून तिथंच थोपवायचं. बाकीच्या शरीराला झळ कमी.

"बरंचसं शरीरच जिरवतं. थोडं राहील. किती, तेच आम्ही पाहतोय."

"म्हणजे माझ्यावर पाहताय."

"हो. तुम्ही नाही म्हणू शकता."

ती नाही म्हणाली नाही, पण तिच्या मनातली पालही चुकचुकायची थांबली नाही. त्यात नवऱ्याचं वागणं. व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंना गाठून कुजबुजायचा आणि ती दिसली की गप्प. दुपारी "जरा जाऊन येतो" म्हणत गायब. सगळे मिळून आपल्याला अंधारात ठेवताहेत, असं तिनं धरूनच ठेवलं.

पुढच्या खेपेला तिनं बाहीच्या शिवणीत टाचणी लपवून नेली. चुंबक खरा की नुसता डबा, एकदा कळू दे! नर्सनं तो जवळ आणला मात्र, टाचणी कापड फाडून खट्‌कन त्याला चिकटली.

"अहो ताई! डोळ्यात गेली असती म्हणजे?"

"चुंबक खरा आहे," शिंपीण म्हणाली. "औषध खरं कशावरून?"

नर्सनं घाम पुसला. "ते गाठ मोजल्यावर मलाही कळेल."

गाठ आटली. तेवढीच कापून काढता आली आणि हात वाचला. पण अंगठा आणि तर्जनी बधिर झाली.

घरी आल्यावर ती आधी दुकानात गेली. नवरा मशिनवर वाकून उशीचा अभ्रा शिवत होता. शिवण नागमोडी, खाली दोऱ्याचा गुंता. तिला पाहून तो चोरासारखा उठला.

"हे कधीपासून?"

"हात काढायचं म्हणाले तेव्हापासून. एका हातानं तुला किती जमेल, तेच डॉक्टरीणबाईंना विचारत होतो. म्हटलं, तू बेतून दे, मी शिवीन."

"म्हणजे तुमचाही त्या चुंबकावर विश्वास नव्हता?"

"तुझ्याहून कमी."

तिला हसू फुटलं. तिनं मशिनच्या सुईत दोरा ओवायला घेतला. तो चिमटीतून निसटला. पुन्हा निसटला. नवऱ्यानं हात पुढे केला नाही. तो नुसता थांबला.

मग ती बाकावर थोडी सरकली.

"बसा," ती म्हणाली. "आधी हे सगळं उसवा."