धोंडीरामचे नऊ टक्के

मित्रांनो, आज मला पाहिलंत तर तुम्ही पाण्याच्या टाकीचं झाकण म्हणाल आणि पुढे जाल. तुमचा दोष नाही. गेली काही वर्षं मी दोह्यात, अल सद्दमधल्या एका घराच्या गच्चीवर, टाकीवर पालथा पडून आहे. पण मी मुळात फळा. एके काळी बारा माणसं माझ्याकडे पाहिल्याशिवाय जेवायला बसत नसत.

माझा जन्म खोक्यातला. अमेरिकेहून एक एअर कंडिशनर आला, त्याच्या पेटीची मी एक बाजू होतो. माझ्या पाठीवर अजून ती इंग्रजी अक्षरं आहेत, 'ही बाजू वर'. १९७६ साली ती पेटी फोडली, आणि मी जळणात जाणार तोच संपतने मला उचललं. संपत कऱ्हाडकडचा सुतार. त्याने माझे काठ नीट कापले, पॉलिश पेपर मारला, काळा रंग दिला आणि मेसच्या भिंतीवर टांगलं.

घर कंपनीचं होतं. बारा जणांपैकी सहा घाटावरचे आणि सहा रत्नागिरी-रायगडचे मुसलमान. कोकणवाल्यांना भात-मासळी हवी, घाटावरच्यांना भाकरी. या सगळ्यांना एका पंगतीत बसवणारा माणूस म्हणजे धोंडीराम. कंपनीत ड्रायव्हर, घरात मेसप्रमुख. रोज सकाळी तो माझ्यावर खडूने त्या दिवसाचं जेवण लिहायचा. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण खाली एक ओळ कधी चुकली नाही : 'संपतला मऊ भात.' संपतच्या पोटात अल्सर होता.

१९८० सालची गोष्ट. वली हा आमच्या घरातला शिकलेला माणूस, कंपनीच्या ऑफिसात क्लार्क. तो साहेबाने वाचून टाकलेलं एक अमेरिकन साप्ताहिक घरी घेऊन यायचा. त्यांच्याकडे निवडणूक जवळ आली होती आणि पानभर सिनेटरांचे फोटो होते. प्रत्येकाच्या खाली 'अप्रूव्हल' आणि टक्के. कुणाचं साठ, कुणाचं पंचेचाळीस. एका शेतीवाल्या राज्यातल्या म्हाताऱ्या सिनेटरचं अडतीस.

वलीने हे मोठ्याने वाचलं आणि चटईवरचे सगळे सरसावून बसले. मित्रांनो, आखातात अप्रूव्हल म्हणजे एकच : गावी जायच्या रजेवर पडणारा शिक्का.

"अरारा," धोंडीराम कळवळून म्हणाला, "एवढा मोठा सायेब, आन् त्येची बी रजा अडतीस टक्क्यांवर अडकलीया? माझं तर अजून शून्यच हाय की!"

वली हसून हसून आडवा झाला. "धोंडीरामभाऊ, रजेचं नव्हे हो! हा माणूस लोकांना किती पटतो, ते विचारून काढलेले आकडे आहेत हे."

पण धोंडीरामचा जीव त्या म्हाताऱ्यावर जडला तो जडलाच. दर आठवड्याला विचारायचा, "आपलं म्हातारबा कसं हायत?"

त्या गमतीतून आमच्याकडेही तेच सुरू झालं. दर शुक्रवारी, नमाजाला गेलेली मंडळी परतली की जेवणाआधी मेसप्रमुखाचं अप्रूव्हल. माझ्या खाली एक डबा टांगला. पसंत असेल तर काबुली चणा टाकायचा, नापसंत असेल तर मसूर. धोंडीराम सोडून अकरा जण दाणे टाकायचे, वली हिशेब करायचा, संपत आकडा लिहायचा. पहिल्या शुक्रवारी ब्याऐंशी टक्के. कालवणात मीठ जास्त झालं तेव्हा चौसष्ट. धोंडीराम वरवर हसायचा, पण घरात कुणी नसलं की माझ्यासमोर उभा राहून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचायचा.

खरी गोष्ट निराळीच होती. धोंडीरामला चार वर्षांत रजा मिळाली नव्हती. त्याची आई विठाबाई. तिची नजर दिवसेंदिवस कमी होत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. शेजाऱ्याकडून तिने पत्रात लिहवून घेतलं होतं, 'दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा.' ते पत्र धोंडीराम पाकिटात ठेवायचा. कुणी रजेचं विचारलं की "हुईल, इन्शाल्ला" म्हणून मसाला परतायला लागायचा.

एका शुक्रवारी तो साहेबाला घेऊन समुद्रकाठच्या समैस्मा गावाला गेला होता. वलीने सगळ्यांना माझ्यासमोर बसवलं. "मी काल ऑफिसात त्याची फाइल पाहिली. मुदीरने, म्हणजे मॅनेजरसाहेबाने, शेरा मारलाय. मेसप्रमुख आहे, सोडता येत नाही, दुसरा नेमा मग बघू. हे त्याला वर्षापूर्वीच सांगितलंय."

"मग त्यानं सोडलं का न्हाई?" संपतने विचारलं.

"तुझ्या मऊ भातासाठी, दुसरं काय!"

संपतची नजर माझ्यावरच्या गेल्या आठवड्याच्या आकड्यावर गेली. तो म्हणाला, "सांगून तो ऐकायचा न्हाई. त्येला पाडायला पाहिजे."

ठरलं. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांनी मसूर टाकायचे.

त्याच आठवड्यात अमेरिकेत मतदान झालं. म्हातारा सिनेटर पडल्याची बातमी वलीने रेडिओवर ऐकली. शुक्रवारी एकेक जण उठला आणि मान खाली घालून डब्यात दाणा टाकून आला. वलीने डबा ओतला. दहा मसूर, एक चणा. संपतने लिहिलं : नऊ टक्के. त्याचा हात एवढा थरथरत होता की खडू मोडला.

धोंडीरामने आकडा वाचला. कमरेची कोठाराची किल्ली काढून त्याने चटईवर ठेवली. "आमचं काय चुकलं आसंल तर पोटात घाला," एवढंच म्हणाला आणि न जेवता बाहेर निघून गेला. मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण फळ्याला स्वतःचं तोंड नसतं, लोक लिहितील तेच त्याला बोलावं लागतं. त्या दिवसाइतका मी कधीच दुःखी झालो नाही.

किल्ली रायगडच्या खलीलकडे गेली. त्याची डाळ आठ दिवस कुणाला गिळवेना, पण कुणी हूं की चूं केलं नाही. संपतचा मऊ भात मात्र तो न विसरता करायचा. धोंडीराम कोपऱ्यात बसून मुकाट जेवायचा. नवव्या दिवशी वली ऑफिसातून पळतच आला. त्याने माझ्यावरचा आकडा पुसला आणि लिहिलं : 'धोंडीराम, अप्रूव्हल १०० टक्के.'

धोंडीराम कडवटपणे म्हणाला, "आता कशाला चेष्टा करताय, वलीभाई?"

"हे ते नव्हे, भाऊ. हे आपलं अप्रूव्हल." वलीने शिक्का मारलेला कागद त्याच्या हातात दिला.

धोंडीरामने कागद वाचला, मग सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला सगळं उमगलं. तो लहान मुलासारखा रडला. "आन् त्यो एक चणा कुणाचा?" त्याने डोळे पुसत विचारलं. डबा माझ्याच खाली होता, मी पाहिलं होतं. बेत ज्याचा, त्याच्याच हातून मसूर सुटला नव्हता. संपत खिडकीबाहेर बघत होता.

दोन महिन्यांनी धोंडीराम परतला. दारात बॅग ठेवून तो आधी माझ्याकडे आला, खडू घेतला आणि एक ओळ लिहिली. ती पुसायला कुणाचाही हात धजेना. शेवटी संपतने बारीक पटाशी घेतली आणि त्या वाकड्यातिकड्या अक्षरांवरून फिरवून ती ओळ माझ्या अंगात कोरून टाकली. मला जराही दुखलं नाही.

पुढे मंडळी पांगली. संपत गावी गेला, वलीने बायकोला आणून वेगळं घर केलं. नवी माणसं आली, त्यांनी भिंतीवर टीव्ही लावला आणि मला गच्चीवर नेलं. पाठीवरची सूचना वाचून 'ही बाजू वर' ठेवली.

मित्रांनो, कुणाच्या नावापुढे आकडा लिहिलेला दिसला, तर तो लिहिणाऱ्याचा हात थरथरला होता का, तेही विचारत जा. आणि कधी या गच्चीवर आलात तर मला उलटा करा. रंग उडाला आहे, धूळ बसली आहे, वाचता येणार नाही. डोळे मिटून बोट फिरवा. लागेल.

'आईनं मला बगितलं.'