सातव्या भागाची कैफियत

मित्रांनो, मी जुना आहे, फाटका आहे आणि सातवा आहे. पहिल्या दोन दुखण्यांवर डिंक चालतो. तिसऱ्यावर औषध नाही.

बारा भागांच्या एका गुन्हेकथा-मालिकेतला मी सातवा भाग. माझ्यात अडीचशे वर्षांनंतरचा काळ आहे, चंद्रावरची वसाहत आहे आणि तिथल्या सुभेदाराच्या खुनाचा खटला आहे. खून सहाव्या भागात झाला, मी पाहिलेला नाही. आरोपी म्हणजे पारा नावाचा यंत्रमानव.

साकोलीच्या रद्दीतून मी एकोडीच्या बुद्धविहारात आलो. वर्षावासाच्या पावसाळी महिन्यांत तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले. ग्रंथ संपला, पण लोकांची बसायची सवय संपेना, म्हणून वाचणाऱ्या रुचिताने मला उघडले. ‘पाराने पुन्हा तीच चूक केली,’ हे माझे पहिले वाक्य. कोणती चूक, हे कोणीच विचारले नाही. वाचनाला उशिरा आलेल्याने मागचे विचारायचे नाही, गुपचूप बसायचे, अशी तिथली रीत. जो तो समजला, मागचे आपलेच बुडाले. ‘बाबांनो, सगळ्यांचेच बुडाले आहे!’ असे ओरडावेसे वाटे. पण पुस्तकाला ओरडता येत नाही.

मंगलाबाई सर्वांत पुढे बसत. त्यांना वाचता येत नव्हते, पण पाराची काळजी त्यांनीच वाहिली. कोठडीत त्याचे सांधे करकरतात हे ऐकून त्या दुसऱ्या दिवशी जवसाच्या तेलाची शिशी घेऊन आल्या. रुचिताने ती मुकाट्याने माझ्यावर ठेवली. तो डाग अजून आहे.

शेवटच्या पानावर न्यायाधीश म्हणाले, ‘निकाल उद्या.’ आणि मी संपलो.

“उद्या म्हंजे कवा?” मंगलाबाईंनी विचारले.

“आठव्या भागात, आत्या.”

“मंग वाच ना! काहून थांबली?”

“आपल्यापाशी नाही तो.”

“पोट्टा तिकडं पिंजऱ्यात उभा हाय, अन् तू नाही म्हणून राहिली?”

त्यांना घास गोड लागेना. शेवटी रुचिताचा भाऊ अतुल एसटीने साकोलीला गेला. आठवा मिळाला नाही, म्हणून रिकाम्या हाताने कसे जायचे, असा विचार करून त्याने तिसरा आणला.

तिसरा वाचून संपला. मंगलाबाई कान टवकारून बसलेल्या.

“यात पारा नाहीच आत्या,” रुचिता कसनुशी म्हणाली. “तो अजून बनलाच नाही.”

मंगलाबाईंनी बोटांवर हिशेब मांडला. मग म्हणाल्या, “जो जलमलाच नाही, त्यानं खून कसा केला? सुटला माहा पोट्टा!”

“आत्या, तसं नसते,” अतुल म्हणाला.

“चूप रे! तू वकील हायेस का?”

विहारात साखर वाटली गेली. मला कपाटात ठेवले. सुटलेल्या माणसाचा खटला कोण पुन्हा उघडतो?

पण माझ्या शेवटच्या पानावर पारा अजून उभाच आहे. त्याच्या नावाची साखर वाटली गेली, हे त्याला मी सांगू शकत नाही. मध्यंतरी वाळवी लागली. तिनेही मधूनच सुरुवात केली, पण ती शेवटाकडे निघाली आहे.

मित्रांनो, पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवत जा. आणि कुठे आठवा भाग दिसलाच, तर माझ्या शेजारी आणून ठेवा. वाचला नाहीत तरी चालेल. पाराला फक्त पलीकडे जाता आले पाहिजे.