नेलच्या कानांसाठी

मी एक जुना, तोंडाशी काळवंडलेला सायलेन्सर आहे. फटफटीचा नव्हे, बंदुकीचा. मित्रांनो, दचकलात ना? तुमचा दोष नाही. सिनेमात माझ्या जातीचे लोक नेहमी मारेकऱ्यांच्या हातात दिसतात, आणि आम्ही लागलो की बंदूक मुकीच होते असंही तिथे दाखवतात. दोन्ही गोष्टी खोट्या. बंदूक मुकी होत नाही, तिचा कान फाडणारा कडकडाट टाळीएवढा होतो, इतकंच. आणि मला कुणी मारेकऱ्याने विकत घेतलं नव्हतं. मला घेतलं ते एका कुत्रीचे कान वाचावेत म्हणून. ते वाचले नाहीत. का, ते सांगायलाच मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या एका छोट्या कारखान्यात, लेथवर झाला. स्टेनलेस स्टीलच्या दांड्यापासून माझी नळी कातली, आत पोलादी वाट्या एकामागे एक बसवल्या, दोन्ही टोकांना आट्यांची झाकणं लावली. माझ्या शेजारी अॅल्युमिनियमचे सायलेन्सर तयार होत. ते हलके, चकचकीत, रंगवलेले. मी जड आणि साधा. खोक्यात भरताना कारागिराने मला हातावर तोललं आणि म्हणाला, "हा नातवंडांपर्यंत टिकेल, धुतला तर." तेव्हा मला फक्त पहिला अर्धा भाग ऐकू आला. स्तुती ऐकताना सगळ्यांचं असंच होतं.

तिथून मी दक्षिणेला, ओटागोच्या बोडक्या डोंगरांत आलो. त्या डोंगरांवर खडक, रानथाईमची झुडपं आणि ससे एवढंच पिकतं. तुम्हाला ससा गोंडस वाटत असेल. तिथल्या मेंढपाळाला विचारा! लसूणघासाचं हिरवंगार वावर संध्याकाळी ससे उतरले की सकाळी हजामत केल्यासारखं होतं, आणि मेंढ्या उपाशी राहतात. म्हणून तिथे घरोघरी छोट्या काडतुसाची बंदूक असते. मर्डॉक रेनी या म्हाताऱ्या मेंढपाळाने ती आयुष्यभर उघडी, माझ्यासारख्या कुणाशिवाय चालवली होती. त्याची किंमत त्याच्या कानांनी मोजली. त्याच्याशी बोलायचं तर डोंगरावरून हाक मारल्यासारखं ओरडावं लागे.

कुरणाचा कारभार आता त्याची मुलगी इश्बेल बघत होती, आणि तिचा उजवा हात म्हणजे नेल. काळी-पांढरी, सडपातळ, डोळ्यांत सतत प्रश्न असलेली कुत्री. इश्बेल दरीच्या अलीकडून तोंडातली पत्र्याची शिट्टी वाजवायची आणि नेल पलीकडच्या कड्यावर मेंढ्या वळवायची. एक लांब शीळ म्हणजे थांब. दोन तुटक म्हणजे डावीकडे. माणूस जिथे चढूच शकत नाही तिथून नेल कळप खाली आणत असे. नेल नसती तर ते कुरण अर्धं सोडूनच द्यावं लागलं असतं. आणि संध्याकाळी म्हातारा सशांवर निघाला की हीच नेल त्याच्या चार चाकांच्या फटफटीवर उडी मारून बसायची, बंदुकीच्या अगदी शेजारी.

म्हणून इश्बेल बापाला आणि नेलला घेऊन गावात तामातीच्या दुकानात आली. तामाती बंदुका दुरुस्त करायचा. दणकट, हसऱ्या तोंडाचा माणूस.

"हलका पाहिजे तर हा घे," त्याने अॅल्युमिनियमचा पुढे केला. "बंदुकीवर आहे की नाही कळणार पण नाही. फक्त हा कायमचा बंद आहे. आत जे साचलं ते साचलं."

"आणि हा ठोकळा?" ठोकळा म्हणजे मी.

"हा पोलादाचा. जड आहे, पण उघडतो. या छोट्या काडतुसाची गोळी म्हणजे नुसतं शिसं, वरून मेण. प्रत्येक बार काढला की थोडी घाण आत राहणारच. जो उघडत नाही त्याची शेवटी वीट होते."

"काय म्हणतोय हा?" मर्डॉकने विचारलं.

"जड आहे म्हणतोय, बाबा!"

"मग मी काय म्हणतोय? एवढीशी बंदूक आणि हा दांडगा दागिना! नाकापेक्षा मोती जड!"

"मर्डॉककाका, तुमच्या कानांना आता मोती घाला नाहीतर बूच, फरक पडणार नाही," तामाती ओरडला. "हे चाललंय ते हिच्यासाठी." त्याने नेलकडे बोट दाखवलं. म्हातारा मोठ्याने हसला. थट्टा त्याला बरोबर ऐकू यायची.

"मग हिलाच विचारू ना," इश्बेल म्हणाली.

दुकानामागच्या बांधाशी तामाती उभा राहिला. इश्बेल नेलच्या डोक्यावर हात ठेवून बरीच मागे बसली. अॅल्युमिनियमचा लावून बार काढला तेव्हा नेलचे कान क्षणभर मागे चिकटले. दुसरा एक आखूड होता, त्याला तर ती चक्क उठून इश्बेलच्या मागे गेली. मग मला चढवलं. बार झाला. नेलने फक्त एक कान वळवला, कुणी नाव घेतलं की काय असा.

"ठरलं," इश्बेल म्हणाली.

"गोळ्या पण संथ घे," तामातीने बजावलं. "वेगाची गोळी पुढे हवेतच फाटकन वाजते, तिथे हा बिचारा काय करणार? आणि महिन्याच्या महिन्याला उघडून धुवायचा. काय?"

"हो रे बाबा, धुते."

मित्रांनो, मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! रंगवलेल्या देखण्यांना मागे टाकून एका कुत्रीने मला निवडलं होतं.

पहिली वर्षं सुखाची गेली. म्हातारा फटफटी थांबवायचा, नेलला हाताने खूण करायचा, 'बस', आणि ती त्याच्या गुडघ्यापाशी बसून राहायची. बार झाला तरी हलायची नाही. एक ससा पडला तरी शेजारचे चरत राहायचे, इतका मी शांत. इश्बेल मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडायची, वाट्या काढून घासायची, आट्यांना वंगण लावायची. म्हातारा चहा पिता पिता चिडवायचा, "पोरगी बापाचं डोकं दाबत नाही, पण बंदुकीचं नाक साफ करते!"

मग एका वर्षी मेंढ्यांना कोकरं फार झाली आणि मला धुवायचं एका महिन्यावरून दुसऱ्यावर गेलं. नंतर लोकर कातरणी आली. नंतर कुंपण पडलं. मी तक्रार कशी करणार? बाहेरून मी तसाच दिसत होतो. आत शिशाचा थर वाट्यांवर चढत होता, काजळी आट्यांत घट्ट बसत होती. मला ते कळत होतं आणि भीती वाटत होती. टिकाऊ वस्तूंचा हाच शाप आहे. त्या टिकतात म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

शेवटी गोळी त्या थराला घासून जाऊ लागली आणि म्हाताऱ्याचा नेम चुकायला लागला. जखमी ससे फरफटत बिळात जाऊ लागले, ते त्याला सहन होईना. "हा दागिना बिघडलाय," तो म्हणाला. इश्बेलने मला बंदुकीवरून काढलं आणि झाकण फिरवून पाहिलं. हललं नाही. पकडीत धरून पाहिलं, तरी नाही.

"माझीच चूक," ती पुटपुटली. मग बापाकडे वळून तिने आवाज चढवला. "बाबा, शनिवारी तामातीकडे नेते याला! तोवर बंदूक काढायची नाही!"

"ऐकलं, ऐकलं," मर्डॉक म्हणाला. आणि त्याने खरंच ऐकलं होतं.

तिने मला छपरीतल्या फळीवर ठेवलं. छपरीचं दार लसूणघासाच्या वावराकडे उघडतं. शनिवारच्या आतच, एका संध्याकाळी इश्बेल वरच्या कुंपणाकडे गेलेली असताना, नवीन पेरलेल्या तुकड्यावर सशांची झुंडच्या झुंड उतरली. म्हातारा दारात उभा राहून बघत होता. मग त्याने बंदूक काढली आणि माझ्याकडे न बघता गेला. नेल नेहमीसारखी फटफटीवर उडी मारून बसली.

मी फळीवरून पहिला बार ऐकला. उघड्या बंदुकीचा कडकडाट! मी हादरलो. आता तो थांबेल, मला वाटलं. पण तो का थांबेल? मर्डॉकच्या कानांना माझ्यासकट होणारा आवाज आणि माझ्यावाचून होणारा आवाज एकच होते. दोन्ही वेळा त्याला तेवढंच ऐकू यायचं, लांब कुठेतरी काटकी मोडल्यासारखं. पहिला बार काढल्यावर त्याला वाटलं, एवढं काही नाही की! मग तो काढतच राहिला. आणि नेलला त्याने हाताने 'बस' सांगितलं होतं, म्हणून नेल बसून राहिली. नळीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, मान खाली घालून, थरथरत, पण बसून. वाईट कुत्री असती तर पळून गेली असती.

इश्बेलने वरून बार ऐकले. ती उतारावरून ओरडत धावत आली. "बाबा! थांबा! बाबा!" तिचा आवाज माझ्यापर्यंत आला, सगळ्या खडकांपर्यंत गेला, फक्त ज्याच्यापर्यंत पोचायला हवा होता त्याच्यापर्यंत पोचला नाही. तिने येऊन त्याच्या हातातली बंदूक खाली दाबली तेव्हा कुठे त्याला ती दिसली. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. त्या दिवशी त्याचा नेम एकदाही चुकला नव्हता.

नेल घरी आली ती भिंतीला अंग घासत. काही दिवस ती डोकं हलवत राहिली. मग जेवू लागली, शेपटी हलवू लागली. जवळून हाक मारली की बघायची. इश्बेलला वाटलं, निभावलं. मला आणि म्हाताऱ्यालाही तेच वाटून घ्यायचं होतं.

मग कळप खाली आणायचा दिवस आला. नेल कड्यावर गेली, मेंढ्या वळल्या, आणि पुढे घळ होती. इश्बेलने लांब शीळ घातली. थांब. नेल थांबली नाही. पुन्हा घातली, छातीतली सगळी हवा ओतून. नेल जोमाने, शहाण्यासारखी, आपलं काम बरोबर चाललंय अशा खात्रीने कळपाला पुढे पुढे ढकलत गेली. पुढच्या मेंढ्या घळीत कोसळल्या. मागच्या त्यांच्यावर. तेव्हा ती थांबली, आणि तिने दरीपलीकडे वळून पाहिलं. इश्बेल घरी येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, ती माझ्याकडे बघत होती. मी काहीच का बोलले नाही, असं विचारत होती."

गुरांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, गेलेलं परत येणार नाही.

मर्डॉक मला खिशात घालून एकटाच तामातीकडे गेला. तामातीने मला तापवलं, तेलात ठेवलं, आणि एका हिसक्यात उघडलं. आतली काळी वीट त्याने म्हाताऱ्यापुढे ठेवली.

"काका, काम न करणारा कुत्रा तुमच्याकडे ठेवत नाहीत ना?" त्याने हळू आवाजात विचारलं आणि मग लक्षात येऊन मोठ्याने विचारलं.

"माझा बाप गोळी घालायचा," मर्डॉक म्हणाला. "घळीपाशी नेऊन."

"आणि तुम्ही?"

"मी कुठल्या तोंडाने घालू? तिने माझं ऐकलं रे! कान फुटेपर्यंत माझं ऐकलं." आणि तो म्हातारा दुकानात, लोकांसमोर, लहान मुलासारखा रडला.

आता तो मला दर रविवारी उघडतो, घासतो, पुसतो. माझ्या वाट्या आरशासारख्या चमकतात. वरातीमागून घोडं, दुसरं काय! मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू कुणाला जपण्यासाठी आणली असेल, तर आधी त्या वस्तूला जपा. आणि कुणाला किती दुखतंय हे स्वतःच्या कानांनी ठरवू नका. ज्याला दुखतंय त्याच्याकडे वळून बघा. मर्डॉकने एकदा मान वळवली असती तर पुरे होतं.

इश्बेलने आता नवा कुत्रा तयार केला आहे. सकाळी ती शिट्टी वाजवते आणि तो अंगणातून उठतो. नेलला शिट्टी ऐकू येत नाही, पण तो उठलेला दिसतो. मग तीही उठते आणि जिवाच्या आकांताने फाटकापर्यंत धावते. इश्बेल मान फिरवून फाटक लावून घेते. नेल गजांतून बाहेर बघत उभी राहते. ओसरीवर मला पुसत बसलेला मर्डॉक तिला हाक मारत नाही. मला बाजूला ठेवतो, गुडघ्यांवर हात टेकून उठतो, आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत फाटकाकडे चालत जातो.