हेर ग्रुन्डमान यांचे एक्केचाळीस मृत्यू

डॉ. शशिधर वाघोलीकर एमआरसीपी या विलायती डॉक्टरी परीक्षेच्या प्रॅक्टिकलला तिसऱ्यांदा बसला तो १९८४ साली, केंब्रिजला. या खेपेला उडालात तर लंडनजवळचं हाउन्सलोचं घर आवरून पुण्याला परत, असं बायकोने, प्रमोदिनीने सांगून टाकलं होतं. खोकीसुद्धा आणली होती.

तासाभरात पेशंट तपासायचा आणि दोन परीक्षकांना आजार सांगायचा. पेशंट निघाले सत्त्याऐंशी वर्षांचे जर्मन गृहस्थ, हेर (म्हणजे श्रीयुत) ग्रुन्डमान.

"काय त्रास होतो तुम्हाला?"

"कोणत्या साली?" त्यांनी विचारलं.

हेर ग्रुन्डमान नट होते. लाइपझिगच्या रंगभूमीवर नऊ वर्षं गाजले, मग मूकपटांत एक्केचाळीस वेळा मेले. शशिधरने हे निमूटपणे 'पूर्वीचे आजार' या सदरात लिहिलं.

"बावीस साली छाती," म्हणत ते उशीवर असे कोसळले, की शशिधर नर्सला हाक मारणार, तोच उठून बसले. "चोवीसला विष. पंचवीसला दोनदा. एकदा अर्धांग, एकदा प्रेमभंग."

"अहो, पण आत्ता काय होतंय?"

"आत्ता काम नाही. बोलपट आले, डॉक्टर. मरताना बोला म्हणाले. मला एका वेळी एकच जमतं."

शशिधरने स्टेथोस्कोप लावला, तर ते क्षयाने गेले. नाडी धरली, तर बुडाले. पन्नास मिनिटांत कागदावर सात आजार झाले, सातही अस्सल.

"पाच मिनिटं मरू नका हो," तो काकुळतीला आला.

हेर ग्रुन्डमान रुसून हात मांडीवर टाकून बसले. तेव्हा उजवा अंगठा आपोआप हलायला लागला, गोळी वळल्यासारखा.

"आता मरा बरं."

मेले. अंगठा थांबला. उठले. अंगठा सुरू.

परीक्षक आले. शशिधर म्हणाला, "सर, पार्किन्सन्सचा कंप. हात रिकामा असला की येतो, अभिनय सुरू झाला की जातो."

"यांना आम्ही हृदयासाठी बोलावलंय," थोरले परीक्षक म्हणाले.

"हृदय बावीस साली होतं, सर," शशिधर बोलून गेला.

दोघं परीक्षक वाकून अंगठा बघत राहिले, ते घंटा होईपर्यंत. हृदयाचं कुणी विचारलंच नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पास. शशिधरने ते चारदा वाचलं, मग पाकिटावरचं नाव तपासलं.

"अहो, हसा की जरा," प्रमोदिनी म्हणाली.

"हसतो गं. पण त्या माणसाचं हृदय शेवटी ऐकलं कुणी?"