लिंबाआड गेलेली पांढरी गाडी

मित्रांनो, मी अकोल्यातल्या एका चौकातला जुना कॅमेरा. सहा उन्हाळे या खांबावर भाजून निघालो आहे. माझ्या आधी इथे हवालदार कुलदीप उभे असत. हॉर्न ऐकून गाडी कोणाची ते सांगत. मी आलो आणि त्यांना नियंत्रण कक्षात पडद्यासमोर नेऊन बसवले. तिथे त्यांच्या एका चौकाचे चाळीस झाले.

माझी मोजदाद चोख आहे. विनाहेल्मेट अठरा हजार, सोनसाखळीचोर दोन, माझ्याकडे बघून केस विंचरणारे बेसुमार. चौकातल्या चोऱ्या थांबल्या, तसा खालच्या किराणा दुकानदार वामनरावांचा माझ्यावर जीव जडला. दर शनिवारी शिडी लावून ते मला लिंबू-मिरची बांधत.

शेजारी शिलाई मशीन दुरुस्त करणारे कुर्बानभाई हसत. "काहून वामनराव, साऱ्याइवर हा नजर ठेवते, अन् याले कोनाची नजर लागून राहिली?"

"चांगल्या वस्तूले लवकर लागते भाऊ. तुमी मशीनले तेल पाजा."

लिंबू माझ्या काचेपुढे डुले. कुलदीपांनी दोनदा वरिष्ठांना लिहून कळवले. पण काच पुसण्याचे कंत्राट संपले होते आणि लिंबू काढणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

एका शनिवारी कुर्बानभाईंची मुलगी उज्मा शाळेला निघाली आणि एक पांढरी गाडी तिला उडवून पळाली. मी सारे टिपले. गाडी, रस्ताभर सांडलेला डबा, उज्माचा पाय. नंबरपाटीच्या जागी तेवढे ताजे लिंबू आले.

कुलदीप मोबाइलवर ते चित्र घेऊन सहा वर्षांनी चौकात आले. कुर्बानभाईंनी ते अकरा वेळा पाहिले.

"हे पिवळं काय होय, साहेब?"

कुलदीपांनी मान वर करून माझ्याकडे बघितले. मागून वामनराव म्हणाले, "माहं लिंबू होय ते, कुर्बानभाई."

कुर्बानभाईंनी मोबाइल परत दिला आणि दुकानाचे शटर ओढले.

वामनरावांनी त्याच दिवशी लिंबू काढले, धोतराच्या सोग्याने काच पुसली. आता मला लख्ख दिसते. पांढऱ्या गाड्या रोज दीड-दोनशे जातात. उज्मा कुबड्यांवर चौक ओलांडते, माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, आमची काच पुसत जा, आणि आमच्याखाली एक माणूस उभा राहू द्या. तसे होईल असे मला वाटत नाही. काल समोरच्या खांबावर नवा कॅमेरा बसला. त्याला घातलेला हार थेट डोळ्यावर आला आहे. त्याच्या पूजेचा नारळ घ्यायला माणूस वामनरावांकडे आला होता.

"संपले," ते म्हणाले. नारळाचे पोते त्यांच्या पायाशी उघडे होते.